पट्टी नॉर्मल, भिंत जाड

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीत हृदयाच्या चुंबकीय मोजणीवर तुम्ही पानभर मजकूर छापलात, त्याबद्दल आधी आभार. हृदयाच्या स्नायूची जाडी हा विषय एरवी कुणाच्या गावीही नसतो. मी ३१ वर्षं ईसीजी काढले. डॉक्टर नव्हे हं, पडद्यामागे खाटेशी उभी राहून ‘हात सैल सोडा, बोलू नका, श्वास नेहमीसारखा घ्या’ एवढंच दिवसभर म्हणणारी बाई. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, तरी कुणाची छाती धपापताना दिसली की चौथी आणि पाचवी फासळी कुठे असेल ते डोळे अजून आपोआप मोजतात. त्यामुळे तुमचा लेख मी दोनदा वाचला. दुसऱ्यांदा हातात पेन्सिल घेऊन.

पहिल्यांदा पेन्सिल अडली ती चित्रापाशी. माणूस उताणा झोपलाय आणि त्याच्या छातीवर लालभडक, नालाच्या आकाराचा चुंबक लोंबतोय. खाली ओळ: ‘चुंबकाच्या साहाय्याने हृदयाची तपासणी’. अहो, या तपासणीत रुग्णाला चुंबक लावतच नाहीत. छातीवर काहीच सोडलं जात नाही, ना चुंबकीय लहर, ना किरण, ना वीज. हृदय स्वतःच एक अतिशय क्षीण चुंबकीय क्षेत्र तयार करत असतं आणि यंत्र ते नुसतं टिपतं. डॉक्टर छातीला स्टेथोस्कोप लावतात तेव्हा ते काही छातीत आवाज घालत नाहीत, तसंच. एमआरआयची गोष्ट वेगळी. तिथे माणसाला खरोखरच १.५ टेस्लासारख्या जबर चुंबकात सरकवतात (टेस्ला हे चुंबकीय क्षेत्राचं माप). दोन्हींच्या नावात चुंबक आला म्हणून चित्रकाराची गल्लत झाली असावी. पण वाचक चित्र आधी बघतो आणि मजकूर मग, हे तुम्हाला मी सांगायला नको.

तारेतून वीज वाहिली की शेजारची होकायंत्राची सुई हलते, हे ओर्स्टेड यांनी १८२० साली दाखवलं. हृदयाच्या प्रत्येक ठोक्याला स्नायूंमधून वीज धावते. मग तिच्याभोवतीही चुंबकीय क्षेत्र असणारच. तर्क सोपा, मोजणं महाकठीण. पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र साधारण ५० मायक्रोटेस्ला. ठोका ऐन भरात असताना छातीपाशी हृदयाचं क्षेत्र मिळतं ते ५० ते १०० पिकोटेस्ला, म्हणजे पृथ्वीच्या पाच ते दहा लाख पटींनी कमी. भर बाजारात शेजाऱ्याच्या मनगटावरच्या घड्याळाची टिकटिक ऐकण्यातला प्रकार.

तरी १९६३ साली अमेरिकेतल्या सिरॅक्यूज विद्यापीठातल्या गेरहार्ड बाउले आणि रिचर्ड मॅकफी यांनी ते पकडलं. त्यांनी दोन वेटोळी घेतली, प्रत्येकीला तारेचे सुमारे वीस लाख वेढे. दोन्ही एकमेकींना उलट जोडली, म्हणजे दुरून येणारा गोंगाट दोघींत सारखाच शिरून परस्पर खोडला जाईल आणि छातीजवळचं तेवढं शिल्लक राहील. एवढं करूनही इमारतीत जमेना, म्हणून सगळा पसारा विजेच्या तारांपासून लांब मोकळ्या मैदानात मांडावा लागला. वीस लाख वेढे घालताना एखादी तार मध्येच तुटली असेल तेव्हा त्यांनी काय केलं असेल, हा विचार माझ्या डोक्यातून जात नाही. आमच्या यंत्राची एक वायर आतून तुटली तर दुरुस्त होऊन यायला आठवडा लागायचा.

पुढे ब्रायन जोसेफसन यांनी १९६२ साली, केंब्रिजमध्ये विद्यार्थी असतानाच, अतिवाहक (अतिथंडीत विजेला काहीच अडथळा न करणाऱ्या) धातूंबद्दल जे गणित मांडलं होतं, त्याच्या आधारे स्क्विड नावाचा संवेदक तयार झाला. इंग्रजीत समुद्रातल्या माकुळालाही हेच नाव आहे, पण इथे ती फक्त आद्याक्षरं. उणे २६९ अंशांच्या द्रवरूप हेलियममध्ये बुडवून ठेवलेलं एक इवलंसं कडं. डेव्हिड कोहेन यांनी अमेरिकेतल्या एमआयटीत खास बंदिस्त खोली उभारली, जेम्स झिमरमन हा संवेदक घेऊन तिथे आले आणि १९६९ च्या अखेरीस हृदयाचा चुंबकीय आलेख असा स्वच्छ आला की तो ईसीजीशेजारी ठेवून वाचता यावा. म्हणजे लेखात म्हटलंय तसं हे ‘अगदी नवे तंत्र’ नाही. ते माझ्या नोकरीपेक्षा जुनं आहे. नवं आहे ते हेलियमचं लचांड टाळणं. आता काचेच्या छोट्या डबीत रुबिडियमसारख्या धातूची वाफ ठेवतात, तिच्यातून लेसर सोडतात आणि त्या प्रकाशात पडलेल्या फरकावरून क्षेत्र मोजतात. यंत्र लहान होण्याची आशा आहे ती यामुळे.

गोंगाटाचं मला अप्रूप नाही. ईसीजी काढताना पट्टीवर रेघेऐवजी केसाळ सुरवंट उमटला की आम्ही आधी पंखा बंद करायचो, मग खाट भिंतीपासून ओढायची, मग रुग्णाच्या उशाखाली कुणी फोन ठेवलाय का बघायचं. हा सगळा विजेच्या तारांचा गुणगुणाट. चुंबकीय मोजणीत तो लाखपटीने छळतो. लिफ्ट हलली, खाली रस्त्यावरून गाडी गेली, तरी संवेदकाला वादळ झाल्यासारखं वाटतं. म्हणून निकेल आणि लोखंडाच्या विशेष मिश्रधातूचे थर दिलेली खोली लागते, नाहीतर बाउले-मॅकफींसारखी उलट जोडलेली वेटोळी आणि त्यावर गणिती गाळणी. रुग्णाने पट्ट्याचं बक्कल, घड्याळ, किल्ल्या, हुक असलेले आतले कपडे सगळं बाहेर काढून ठेवायचं. पेसमेकर असलेल्याला यात धोका नाही, पण तो धातूचा डबा आलेख बिघडवतो. तुमच्या लेखात ‘कपडेही काढावे लागत नाहीत’ असं आहे. ते खरं आहे, पण अर्धं.

आता ज्यासाठी पत्र लिहायला बसले ते.

माझा धाकटा भाऊ. उंच, आडवा, लहानपणापासून भरलेल्या अंगाचा. चाळिशीत रक्तदाब निघाला. दर वर्षी त्याच्या वाढदिवसाच्या आठवड्यात मी त्याला आमच्या खोलीत बोलवायचे आणि स्वतःच्या हाताने त्याची पट्टी काढायचे. छातीवर केस फार, म्हणून सहा जागी वस्तरा फिरवायचा, जेली लावायची, रबरी फुगे दाबून कप चिकटवायचे. कप निघाले की गोल लाल डाग उठायचे आणि तो म्हणायचा, ‘ताई, मेडल्स लावलीस का गं?’ नऊ वर्षं पट्टी काढली. नऊ वर्षं पट्टी नॉर्मल. डॉक्टरांची सही, ‘सामान्य मर्यादेत’.

मधल्या काळात त्याने गोळ्या बंद केल्या. मला सांगितलं नाही. भावजयीने विचारलं तर तिला म्हणायचा, ‘ताईने काढलेली पट्टी नॉर्मल आहे, हृदयाला काही झालेलं नाही, गोळ्या कशाला?’ माझ्या हाताच्या पट्टीचा त्याने दाखला करून ठेवला होता.

मग एकदा जिना चढताना त्याला दम लागायला लागला. दुसऱ्या मजल्यावर कठड्याला धरून उभं राहायचं आणि फोन आल्यासारखं करायचं. टू डी एको केला. दोन कप्प्यांमधला पडदा १४ मिलिमीटर, मागची भिंत १३. पुरुषाची भिंत ६ ते १० मिलिमीटर असावी, बाईची ६ ते ९. रिपोर्टवर इंग्रजी आद्याक्षरं होती, एलव्हीएच: डाव्या जवनिकेचा, म्हणजे हृदयाच्या खालच्या डाव्या कप्प्याचा, स्नायू जाड झालेला. वर्षानुवर्षं चढ्या दाबाविरुद्ध रक्त ढकलून ढकलून हृदयाचे दंड भरले होते. दंड भरले की माणूस खूश होतो, पण हृदयाची भिंत जाड झाली की ती कडक होते, सैल पडून रक्त भरून घेणं तिला जमत नाही, आणि तिच्या वाढलेल्या मांसाला रक्तपुरवठाही अपुरा पडतो. पुढे ठोक्यांचा ताल बिघडणं, हृदय थकणं, अर्धांगवायू, सगळ्याचाच धोका वाढतो.

त्या रात्री मी त्याच्या नऊ पट्ट्या टेबलावर ओळीने मांडल्या आणि पट्टीने मोजल्या. (ही पट्टी शाळेची, मिलिमीटरची.) छातीवरच्या सहा कपांच्या जागांना व्ही-१ ते व्ही-६ म्हणतात. रीत अशी: व्ही-१ मधला खाली गेलेला दांडा आणि व्ही-५ किंवा व्ही-६ मधला वर गेलेला दांडा यांची बेरीज करायची, ३५ मिलिमीटर किंवा जास्त भरली तर भिंत जाड असल्याचा संशय घ्यायचा. सोकोलोव्ह आणि लायन यांनी १९४९ साली घालून दिलेला हा नियम. दुसरा कॉर्नेलचा नियम: एव्हीएल (हातापायांच्या वायरींवरून उमटणारी एक रेघ) आणि व्ही-३ मधल्या दांड्यांची बेरीज पुरुषात २८ च्या वर, बाईत २० च्या वर. भावाच्या बेरजा पहिल्या नियमाने २२, २४, २३ अशा. दुसऱ्यानेही आतच. मी चुकले नव्हते. पट्टी खोटी नव्हती. आणि भिंत १४ मिलिमीटर होती.

हे अपवादाने घडतं असं समजू नका. एकोत किंवा एमआरआयमध्ये ज्यांची भिंत जाड दिसते, त्यांतल्या निम्म्याहून जास्त लोकांच्या ईसीजीत या नियमांनी काहीच सापडत नाही. पट्टीने ‘जाड’ म्हटलं तर ते बऱ्याचदा खरं ठरतं. पट्टी गप्प राहिली तर मात्र त्यावरून काही ठरवता येत नाही. हे पुस्तकांत लिहिलेलं आहे, हृदयाच्या डॉक्टरांना ठाऊक आहे. पट्टी हातात घेऊन दाराबाहेर पडणाऱ्या माणसाला मात्र कुणी सांगत नाही. मीही ३१ वर्षांत कुणाला सांगितलं नाही. तो माझा अधिकार नव्हता, हे खरं. पण भावाला तरी सांगायला हवं होतं.

असं का होतं ते यंत्राशी उभं राहणाऱ्याला चांगलं कळतं. आम्ही हृदयाची वीज हृदयावर मोजतच नाही, कातडीवर मोजतो. मध्ये स्नायू, फासळ्या, हवेने भरलेली फुप्फुसं, चरबी. प्रत्येकातून वीज वेगळ्या ओढीने जाते. फुप्फुसं फुगलेल्या दमेकऱ्याची रेघ लहान. जाड माणसाची रेघ लहान. उलट, सडपातळ विशीतल्या मुलाच्या छातीवर रेघ अशी उसळते की बेरीज ४० भरते आणि आतली भिंत ठणठणीत ९ मिलिमीटर. शिवाय आमचे हात. व्ही-१ आणि व्ही-२ चौथ्या फासळीखालच्या फटीत लावायचे असतात; घाईत सर्रास एक फट वर लागतात. बायकांच्या बाबतीत संकोचापायी व्ही-४, व्ही-५ कुठेतरी अंदाजाने. उन्हाळ्यात जेली ओघळून दोन कप एकमेकांना जोडले जातात आणि दोन वेगळ्या रेघांऐवजी एकाच चेहऱ्याची जुळी भावंडं उमटतात.

एक कबुलीही देऊन टाकते. दांडे फार उंच आले आणि वरच्या ओळीत घुसायला लागले की आम्ही यंत्र ‘हाफ’वर टाकायचो. नेहमी १ मिलिव्होल्टला १० मिलिमीटर उंची असते, हाफवर ५. तेव्हा पट्टीवर तसं लिहायचं असतं. एकदा दुपारी, रांग दाराबाहेर गेलेली असताना, मी लिहायला विसरले. रुग्णाची बेरीज कागदावर २१ भरत होती, खरी होती ४२. पट्टीच्या कडेला जो चौकोनी खुणेचा दांडा असतो तो अर्धाच आहे, हे संध्याकाळी डॉक्टरांच्या लक्षात आलं. नशीब त्या रुग्णाचं आणि माझंही. तुम्हा वाचकांच्या घरी जुन्या पट्ट्या असतील तर कडेचा तो दांडा मोजून बघा, दहा छोट्या चौकटी असायला हव्यात.

चुंबकीय मोजणीचं मोल मला दिसतं ते इथे. शरीरातलं मांस, हाड, चरबी, हवा हे सगळं चुंबकीय क्षेत्राच्या दृष्टीने जवळपास सारखंच, जणू मध्ये काही नाहीच. विजेचं चित्र हे थर जसं पिळतात, पसरवतात, तसं चुंबकीय क्षेत्राचं फारसं करत नाहीत. गर्भातल्या बाळाचं उदाहरण घ्या. साधारण सातव्या महिन्यापासून बाळाच्या अंगावर पांढरा स्निग्ध थर असतो, तो विजेला अडवतो आणि आईच्या पोटावरून बाळाचा ईसीजी मिळेनासा होतो. चुंबकीय क्षेत्र त्या थरातून बिनबोभाट बाहेर येतं. फिनलंडमधल्या संशोधकांनी १९७४ सालीच गर्भाच्या हृदयाचा असा आलेख घेतला होता. शिवाय स्नायूत काही प्रवाह गोल फिरून स्वतःलाच मिळतात. त्यांचा कातडीवर विजेचा मागमूस लागत नाही, चुंबकीय क्षेत्र मात्र असतं. आणि कप नाहीत, जेली नाही, वस्तरा नाही. संवेदक छातीच्या वर असतात, काही यंत्रांत बुद्धिबळाच्या पटासारखे आठ-आठच्या ओळींत ६४. माणसाने पटाखाली नीट झोपलं पाहिजे एवढंच. कॉलेजातल्या मुलींच्या चेहऱ्यावरचा तो अवघडलेपणा ज्याने पाहिलाय, त्याला ‘स्पर्शाविना’ या शब्दाची किंमत कळेल.

या ६४ ठिकाणच्या आकड्यांचा क्षणाक्षणाचा नकाशा होतो. एका बाजूला क्षेत्र छातीतून बाहेर येतं, दुसऱ्या बाजूला आत शिरतं; एक लाल, एक निळं रंगवतात, आणि दोन्हींच्या मधून विजेचा बाण कुठल्या दिशेला चाललाय ते काढतात. निरोगी हृदयात ठोक्याच्या भराचा बाण आणि ठोका ओसरून स्नायू पूर्वपदावर येतानाचा बाण साधारण एकाच अंगाला, डावीकडे खाली असतात. भिंत जाड झाली की धावणारी वीज वाढते, तिला भिंत ओलांडायला वेळ लागतो, आणि पुष्कळदा दुसरा बाण पहिल्याची साथ सोडून भलतीकडेच वळतो. ईसीजीत हेच टी लाट (ठोका ओसरतानाची) उलटी झालेली दिसते, पण उशिरा आणि सगळ्यांत नाही. दोन बाणांमधला कोन, नकाशाचा आकार, ओसरण्याचा काळ यांतून जाडी आधी ओळखता येईल का, हा प्रश्न संशोधकांनी धरला. जपानी डॉक्टरांनी १९८० च्या दशकात डाव्या जवनिकेवर भार पडलेल्या रुग्णांचे असे आलेख घेतले. हेलसिंकीतही २००२ च्या सुमारास भिंत जाड झालेल्यांवर काम झालं. विषयाला बैठक आहे. तुमच्या लेखाने ती सांगायला हवी होती, त्याऐवजी त्याने ‘आता ईसीजी इतिहासजमा’ असा बार उडवून दिला.

तिथे माझी पेन्सिल मोडली. ईसीजीचं यंत्र पिशवीत मावतं, रुग्णवाहिकेत चालतं, दहा मिनिटांत उत्तर देतं. हार्ट अॅटॅक आलेल्या माणसाला कुणी आधी निकेलच्या खोलीत नेऊन झोपवणार नाही. आणि लेखात म्हटलंय की चुंबकीय यंत्र ‘भिंतीची जाडी मिलिमीटरमध्ये मोजते’. नाही. मिलिमीटर एको मोजतो, आवाजाच्या लहरींनी. त्याहून बारकाईने एमआरआय. चुंबकीय नकाशा स्नायूची विजेची वागणूक सांगतो. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्या वेगळ्या आहेत हेच कधी कधी कामाला येतं. अॅमिलॉइड नावाचा पदार्थ हृदयात साचला की एकोत भिंत जाड दिसते, पण ते मांस नसतं, नुसता भराव असतो, म्हणून पुष्कळदा पट्टीवर रेघ उलट बारकी येते. जाड भिंत आणि बारकी रेघ अशी विसंगत जोडी दिसली की हुशार डॉक्टर थांबतात. एकाने दुसऱ्याला हद्दपार करून भागत नाही.

चरबीबद्दलही लेखाने जरा जास्तच उदारपणा दाखवलाय. चरबी चुंबकीय क्षेत्राला अडवत नाही, मान्य. पण चरबीमुळे हृदय आणि संवेदक यांतलं अंतर वाढतं, आणि अंतर वाढलं की हे क्षेत्र झपाट्याने क्षीण होतं. म्हणजे माझ्या भावासारख्या आडव्या माणसाला या यंत्राखालीही काही सवलत नाही. फक्त ईसीजीसारखी दुहेरी शिक्षा नाही.

भिंत जाड होण्याचं कारण नेहमी रक्तदाबच असतं असंही नाही. महारोहिणीची, म्हणजे हृदयातून निघणाऱ्या मुख्य धमनीची, झडप अरुंद झाली तरी होते. काही घराण्यांत जन्मजात जनुकीय दोषाने होते. साधारण पाचशे माणसांत एकाला हा दोष असतो, आणि मैदानावर धावता धावता कोसळलेल्या तरुण खेळाडूंत कधी कधी हेच कारण सापडतं. दुसरं काही कारण नसताना भिंत १५ मिलिमीटर किंवा जास्त भरली की डॉक्टर या आजाराचा विचार करतात आणि घरातल्या इतरांनाही तपासून घ्यायला सांगतात. तुमच्या लेखात या लोकांचा उल्लेख एका ओळीतही नाही. स्पर्शाविना, किरणांविना, पुन्हा पुन्हा करता येणारी तपासणी सिद्ध झाली, तर तिचा खरा उपयोग अशा घरांतल्या धडधाकट दिसणाऱ्या मुलांना आहे.

आता तक्रार. लेखाच्या बरोबर खाली, त्याच पानावर, पाव पान जाहिरात होती: मनगटाला बांधायचा चुंबकीय पट्टा. ‘रक्तातील लोह खेचून रक्ताभिसरण सुधारतो, रक्तदाब व हृदयविकारावर गुणकारी’. वर नालाकृती चुंबक, खाली चुंबकाचा पट्टा. मी वाचकाला दोष कसा देऊ? रक्तातलं लोह म्हणजे खिळ्यातलं लोखंड नव्हे. ते हिमोग्लोबिनमध्ये बांधलेलं असतं, आणि प्राणवायूने भरलेलं रक्त चुंबकाकडे ओढलं तर जात नाहीच, उलट अगदी किंचित दूर ढकललं जातं. एमआरआयच्या १.५ टेस्लाच्या नळीत माणसं अर्धा-पाऊण तास पडून बाहेर येतात, कुणाचं रक्त एका कुशीला गोळा झालेलं मी ऐकलं नाही. पट्ट्यातला चुंबक त्यापुढे किस झाड की पत्ती. जाहिरातीचं उत्पन्न लागतं हे मला कळतं. निदान दोघांच्या मध्ये एक पान तरी ठेवायचं.

तेव्हा माझी विनंती एवढीच की चित्राची दुरुस्ती पुढच्या पुरवणीत छापावी, ‘मिलिमीटर’चं वाक्य मागे घ्यावं, आणि जागा उरली तर एक चौकट द्यावी: रक्तदाब असलेल्याने ईसीजी नॉर्मल आला म्हणून गोळ्या थांबवू नयेत, भिंतीबद्दल शंका असेल तर डॉक्टरांना एकोबद्दल विचारावं. चौकटीसाठी मजकूर हवा असेल तर मी लिहून देईन, फुकट.

भावाचं सांगायचं राहिलं. गोळ्या पुन्हा सुरू होऊन अडीच वर्षं झाली. जाड झालेली भिंत दाब आटोक्यात ठेवला तर हळूहळू उतरू शकते. त्याचा पडदा १४ वरून १२ वर आलाय. आता तो दुसऱ्या मजल्यावर फोन काढत नाही. रविवारी तुमचा लेख वाचून त्याने सकाळी सातलाच मला उठवलं. ‘ताई, ते चुंबकाचं मशीन कुठे असतं? नंबर लावू या.’ मी विचारलं, ‘आज बीपी मोजलंस का?’ पलीकडे जरा वेळ शांतता.

‘सेल संपलेत गं त्याचे,’ म्हणाला. ‘मंगळवारपासून.’

आपली नम्र वाचक,
एक निवृत्त ईसीजी तंत्रज्ञ